सरळ केलेली नोंद

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी तिने शेगडीवर चहाचे आधण ठेवले, खिडकीची एक झडप उघडली (दुसरी तीन आठवड्यांपासून फुगून बसली होती) आणि ताईच्या गोळ्यांच्या डबीतला गुरुवारचा कप्पा बशीत उपडा केला. चार गोळ्या पडल्या. पाच पडायला हव्या होत्या. पाचवी शुक्रवारच्या कप्प्यात, तिथल्या पाचजणींच्या सोबतीला जाऊन बसलेली सापडली.

"डबी कुणी भरली?" तिने विचारले.

"मी," ताई आतल्या खोलीतून म्हणाली. "मोजून भरलीये."

"शुक्रवारी सहा झाल्यात."

"आणि गुरुवारी चार. म्हणजे आठवड्याची बेरीज बरोबर आली ना? मग सकाळी सकाळी कशाला कावतेस, बारके?"

ताई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली आणि आता गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर धाकटीकडे राहायला आलेली. दोघींपैकी एकीने लग्न केले नव्हते, दुसरीचे टिकले नव्हते. त्यामुळे घरात कुणी कुणाचे ऐकायचे हा प्रश्न शेवटपर्यंत सुटण्यासारखा नव्हता. साडेसहाला चहा झाला. पावणेसातला ताईच्या गुडघ्याला पट्टा बांधून झाला. सव्वासातला दोन पावांना लोणी लावून एक डब्यात, एक बशीत. साडेसातला ती चपलांचे बंद लावत असताना ताई म्हणाली, "आज तरी त्या आयालेकींना घरी आणू नकोस. काल जेवताना तूच नव्हतीस ताटावर."

"आज नाही आणत," ती म्हणाली आणि जिना उतरली.

आयालेकी म्हणजे तिचे काम. शेतात फवारलेले औषध, नाल्यात सोडलेला रंग, माणसाने गिळलेली आणि पुढे गटारात गेलेली गोळी, यांतले काहीही जिथे पडते तिथे तसेच राहत नाही. ऊन, माती, पाण्यातले जंतू त्याचे दुसरे काहीतरी करतात. त्या दुसऱ्याचे तिसरे होते. कोणत्या द्रव्याचे कशात आणि किती दिवसांत रूपांतर होते, हे ठिकठिकाणच्या शोधनिबंधांतून वेचून नोंदवणारा एक कोश तिच्या संस्थेत होता. चौदा हजार नोंदी संगणकात होत्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्या नोंदी सांभाळणारी माणसे फक्त चार होती. तिथे बाटल्या नव्हत्या, वास नव्हते. होते ते कागद. मूळ द्रव्याला सगळे 'आई' म्हणत आणि त्यातून निघालेल्याला 'लेक'. 'ही लेक कुणाची?' 'हिची आई कुठे हरवली?' असे प्रश्न तिथे इतक्या गंभीरपणे विचारले जात, की बाहेरून आलेला माणूस दारातच थबके.

त्या नोंदींवर विसंबून पुष्कळ ठिकाणी पुष्कळ गोष्टी ठरत: कोणत्या पाण्यात काय शोधायचे, किती दिवसांनी शोधायचे आणि कधी शोधणे थांबवायचे. नोंद प्रमाणित करणाऱ्या दोन सह्यांपैकी एक तिची असे.

नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"मॅडम, मी पुन्हा तीच. जलाशयावरची."

"बोला."

"सातव्यांदा बोलतेय. मी मोजते हल्ली."

ही जलाशयावरची पाणीतपासनीस. दोघींनी एकमेकींना कधी पाहिले नव्हते. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत हिची नमुने घेण्याची गाडी दुपारी एकला निघे आणि दोनला पाण्यावर पोचे. मग गाड्यांचे वेळापत्रक बदलले आणि हिच्या वाट्याला पहाटेची गाडी आली. त्या आठवड्यापासून नमुन्यांत एक तणनाशक सापडू लागले. काठावरच्या शेतांत त्याची फवारणी होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. दुपारच्या नमुन्यांत वर्षानुवर्षे ते कधीच सापडले नव्हते. वरिष्ठांनी निष्कर्ष काढला, की बाई बाटल्या नीट धूत नाहीत.

"चौकशी सोमवारी आहे," पाणीतपासनीस म्हणाली. "नोटीस आली काल. सोबत तुमच्या कोशाचं पान जोडलंय. वाचून दाखवू?"

"मला माहितेय काय आहे ते."

"तरी ऐका. 'सदर तणनाशक उघड्या पाण्यात सूर्यप्रकाशाने दीड दिवसात निम्मे होते. उत्पन्न द्रव्य स्थिर आहे.' आणि खाली नोटिशीत: 'सबब पाच आठवड्यांनंतर जलाशयात ते आढळणे संभवत नाही.' सबब! म्हणजे एक तर मी घाणेरडी, नाहीतर खोटारडी. दोन्हीपैकी काय निवडायचं तेवढं सोमवारी विचारतील."

"तुमचं पत्र मी वर पाठवलंय. समितीकडून अजून..."

"मॅडम, दुपारी दोनला घेतलं तर काही नाही. पहाटे साडेपाचला घेतलं तर आहे. जागा तीच, बाटल्या त्याच, हात माझेच. मी काय रात्री जाऊन टाकून येते का त्यात? आणि माझं सोडा. गावाकडे पाणी ओढणारे पंप रात्रीच चालतात. दुपारचं स्वच्छ पाणी पितंय कोण?"

तिने आधीच्या सहा फोनांना दिले होते तेच उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि ते उत्तर तिलाच ऐकवेना. "मी आज स्वतः बघते," ती म्हणाली.

"सहा वेळा कोण बघत होतं मग?" पलीकडून विचारले गेले आणि फोन ठेवला गेला.

तो प्रश्न रास्त होता. सहा वेळा तिने नोंद उघडली होती, वाचली होती आणि प्रमाणित असल्याचे पाहून मिटली होती. प्रमाणित नोंदीचा मूळ निबंध पुन्हा काढायचा नाही, अशी खोलीतली रीत होती. नाहीतर चौदा हजारांचा डोंगर कधी संपलाच नसता. आज तिने निबंध काढला. बावीस पानांचा होता. आठव्या पानापर्यंत सगळे नोंदीत होते तसेच होते: ऊन, दीड दिवस, निम्मे. नवव्या पानावर संशोधकांनी तेच पाणी काळ्या कापडाखाली ठेवले होते. अंधारात लेक हळूहळू परत आई होत होती. दहा तासांत एक तृतीयांश. ऊन पडले की पुन्हा लेक. संशोधकांनी त्यावर एक साधे, सावध वाक्य लिहिले होते: केवळ दिवसा घेतलेल्या नमुन्यांवरून हे द्रव्य नाहीसे झाल्याचे मानू नये.

तिने ते वाक्य दोनदा वाचले. मग नोंदीचा इतिहास उघडला. कोशात प्रत्येक बदलाची तारीख, वेळ आणि करणाऱ्याची आद्याक्षरे राहतात. आठ महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी, अकरा वाजून चार मिनिटांनी, कनिष्ठ सहकाऱ्याने नोंद दोन्ही बाणांसह भरली होती: आईकडून लेकीकडे आणि लेकीकडून आईकडे. संगणकाने ती नाकारली होती. अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी कुणीतरी दुसरा बाण काढून टाकला होता. शेरा होता: 'सरळ केली.' आद्याक्षरे तिची होती.

तिला तो मंगळवार आठवेना. आठवण्यासारखे त्यात काही नव्हतेच. अकरा वर्षांपूर्वी कोश नवा होता, तेव्हा भरणारे घाईत आई आणि लेक यांची अदलाबदल करीत. मग हिशेब करणारा संगणक आईवरून लेकीकडे, लेकीवरून आईकडे असा फिरत राही आणि शेवटी बंद पडे. त्यावर तिनेच उपाय सुचवला होता. कोणतीही लेक आपल्याच आईची आई होऊ शकणार नाही, असा नियम संगणकात घातला गेला. नियम नामी होता. तेव्हाच्या संचालकांनी बैठकीत तिचे कौतुक केले होते. त्यानंतर नाकारलेली नोंद दिसली की ती भरणाऱ्याची चूक, उलटा बाण काढला की नोंद सरळ, हे तिच्या हाताला इतके सवयीचे झाले, की निबंध उघडून पाहण्याची गरज तिला भासली नाही आणि तिने इतरांनाही भासू दिली नाही.

तिने 'सरळ केली' हा शेरा शोधायला लावला. एक्केचाळीस नोंदी आल्या. सव्वीस तिच्या होत्या.

संगणक सांभाळणाऱ्याचे खरे नाव क्वचितच कुणी घेई. प्रत्येक उत्तराची सुरुवात तो 'थांबा' या शब्दाने करी, म्हणून तो 'थांबा'च झाला होता. त्याच्या खोलीत यंत्रांसाठी गारवा ठेवलेला असे, आणि तो स्वतः बारा महिने स्वेटर घालून बसे.

"थांबा," तो म्हणाला. "हा नियम काढायचा? कुणी घातला होता हा?"

"मी सांगितला, तुम्ही घातलात."

"म्हणजे आपल्या दोघांवरच शेकणार. बरं, काढला समजा. मग कोश घाण्याच्या बैलासारखा फिरणार. तो फिरू नये म्हणून सगळा हिशेब नव्याने लिहायचा, चौदा हजार साखळ्या पुन्हा तपासायच्या. सहा महिने. माणूस दिला तर."

"मला सोमवारपर्यंत हवंय."

थांबा हसला, मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला. "कोणत्या सोमवारपर्यंत, तेवढं विचारायचं राहिलं."

"येत्या."

"बाई, येत्या सोमवारी मला नवा पंखासुद्धा मिळत नाही. तीन वर्षं मागतोय."

दुसरा बाण निदान टिपणाच्या रकान्यात लिहिता येईल का, असे तिने विचारले. रकाना होता, पण बाहेर जे पान छापले जाते त्यात तो येत नव्हता. तळटीप देता येईल का? तळटिपेची सोय होती. तिला समितीची मंजुरी लागे. समितीला कोण विचारणार? संचालक.

संचालकांना भेटायला तिला पावणेतीनपर्यंत बसावे लागले. बाहेरच्या बाकावर तिच्या मांडीवर निबंध होता, त्याच्या नवव्या पानात पेन्सिल खुपसलेली. तिच्या आधी आत गेलेले दोघे संस्थेच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर बोलत होते. दारातून निळा की हिरवा एवढेच पुन्हा पुन्हा ऐकू येत होते.

संचालक वाईट माणूस नव्हता. त्याने निबंधाचे नववे पान वाचले, मान हलवली आणि चष्मा काढला.

"हे महत्त्वाचं आहे," तो म्हणाला. "समितीपुढे ठेवू."

"समिती कधी आहे, सर?"

"पुढच्या तिमाहीत."

"चौकशी सोमवारी आहे."

"चौकशी त्यांची आहे, आपली नाही."

"पण नोटिशीला पान आपलं जोडलंय."

"जोडणाऱ्यांनी जोडलं. आपण जोडलं नाही." त्याने हे दुष्टपणे म्हटले नाही. एखादी वस्तू जागच्या जागी ठेवावी तसे म्हटले. "आणि चूक चूक म्हणू नका. नोंदीत आहे ते सगळं खरं आहे. उन्हात निम्मं होतंच. फक्त अपूर्ण आहे."

"सर, अर्धं वाक्य कापलं की उरलेलं खरं राहतं का?"

"तुम्ही थकलाय." त्याने चष्मा पुन्हा घातला. "हे बघा, एका नोंदीवर आपणच बोट ठेवलं तर उरलेल्या चौदा हजारांवर लोक ठेवतील. महिनाभरात विभागप्रमुखाची नेमणूक आहे. तुमचं नाव मीच पुढे केलंय. नियमाचा प्रस्ताव विभागप्रमुख म्हणून तुम्ही मांडा, मी पाठिंबा देतो. मग सगळं रीतसर होईल."

"तोवर त्या बाईंची नोकरी?"

"ते लोक इतक्या टोकाला जात नाहीत हो," संचालक म्हणाला. त्याला तसे वाटत होते, हे तिला दिसले आणि त्यामुळेच तिला अधिक चीड आली. खोटारड्याशी भांडता आले असते.

संध्याकाळी ताई टेबलाशी वाटाणे सोलत बसली होती. सोललेले दाणे पातेल्यात, टरफले वर्तमानपत्रावर, आणि दर पाचव्या शेंगेला एक दाणा तोंडात.

"आणल्यास ना आयालेकी घरी?" ताईने विचारले. "चेहऱ्यावरच बसल्यात."

तिने सगळे सांगितले. सांगताना तिचा आवाज दोनदा चढला. थांबा, तळटीप, तिमाही, निळा की हिरवा. ताई मध्ये बोलली नाही. शाळेत शिकवण्याची ती तिची एक पद्धत होती, असे तिचे विद्यार्थी सांगत.

"म्हणजे बरोबर काय ते लिहायला सहा महिने लागणार," ताई अखेर म्हणाली.

"निदान सहा."

"आणि तोवर चूक तशीच राहणार."

"मी काय करू मग? नियम माझ्या हातात नाही, समिती माझ्या हातात नाही..."

"फळ्यावर चुकीचं उत्तर दिसलं की मी काय करायचे?"

"बरोबर लिहायचीस."

"आधी पुसायचे, बारके. मागच्या बाकावरची कार्टी वहीत उतरवत असतात. बरोबर उत्तर त्या घटकेला मला येत नसलं तरी पुसायचे. एकदा तर तासभर फळा कोरा ठेवून दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. मुख्याध्यापकांनी टोमणा मारला, 'बाई, आज मौन होतं का?' मारू दे." तिने एक शेंग तिच्यापुढे सरकवली. "पुसायला कुणाची परवानगी लागते तुमच्याकडे?"

तिने शेंग उचलली. "कुणाची नाही," ती म्हणाली. "ज्याने सही केली तो मागे घेऊ शकतो."

"मग?"

"मग काही नाही. अकरा वर्षांत कुणी घेतलेली नाही."

"वाटाणे सोल," ताई म्हणाली.

शुक्रवारी ती सव्वासातलाच खोलीत पोचली. झाडणाऱ्या बाई अजून खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवून फरशी पुसत होत्या. त्यांनी एक खुर्ची तिच्यासाठी खाली काढून दिली. नोंद मागे घेण्याचा अर्ज संगणकात होता. त्यात कारण निवडावे लागे. तिने यादी उघडली: दुबार नोंद, स्रोत मागे घेतला गेला, टंकनदोष, संपादकाची चूक. शेवटच्यापुढे बारीक अक्षरांत लिहिले होते, की हे कारण निवडल्यास संपादकाचा प्रमाणनाचा अधिकार पुढील आदेशापर्यंत स्थगित होईल.

'टंकनदोष' निवडला असता तर कुणाला काही कळलेही नसते. नोंद निमूट गेली असती, अधिकार राहिला असता, महिनाभराने प्रमुखपदही. पण चौकशी करणाऱ्यांना टंकनदोषाशी काय देणेघेणे? आकडे सगळे बरोबरच टंकले गेले होते. आणि तिने ते कारण दिले असते तर ते पहिल्या नोंदीहून मोठे खोटे झाले असते.

अडचण वेगळीच निघाली. अधिकार पहिल्या नोंदीबरोबर स्थगित होणार होता; मग उरलेल्या पंचवीस नोंदींना ती हात लावू शकणार नव्हती. तिने थांबाला फोन केला. तो अजून घरीच होता. मागे नळ वाहत होता.

"थांबा, मी दाढी करतोय... कशाला मागे घ्यायच्यात सव्वीस? बरं, नका सांगू. सगळ्या निवडून एकाच अर्जात टाका. एकदाच शिक्का बसतो." मग, नळ बंद करून, "बाई, कारण कुठलं टाकणार?"

"शेवटचं."

"त्या नियमावर माझंही नाव आहे," तो म्हणाला. "लिहायचं असेल तर लिहा."

"नियम आपल्या दोघांचा होता. आंधळेपणाने बाण मी कापले," ती म्हणाली. "तुमचं नाव यात येत नाही."

मग ती सव्वीस निबंध काढून वाचायला बसली. आता डोळे मिटून मागे घेणे ही डोळे मिटून सरळ करण्याचीच दुसरी तऱ्हा झाली असती. नऊ निबंधांत भरणाऱ्यांची चूक खरोखरच होती. तिथे बाण काढणे योग्य होते आणि त्या नोंदी तिने तशाच ठेवल्या. दोन निबंधांत मजकूर इतका संदिग्ध होता, की तिला तीनतीनदा वाचावा लागला. शेवटी तिने दोन्ही मागे घेण्याच्या बाजूला टाकले. अकरा वाजता पाव खाल्ला. बारा वाजता एका सहकाऱ्याने मुखपृष्ठ निळेच ठरल्याची बातमी आणली आणि तिच्या टेबलावरचे कागद पाहून तो पाय न वाजवता परत गेला. दीडपर्यंत सतरा नोंदी ठरल्या. दीड वाजता तिने स्वतः जलाशयावर फोन लावला.

"तुमचे आकडे हवेत," ती म्हणाली. "तासवार. पहाटेचे आणि दुपारचे."

"आता? आता बघताय?"

"हो, आत्ता बघतेय. आणि सांगायचं होतं ते हे, की तुमचे नमुने बरोबर आहेत. अंधारात ते द्रव्य परत येतं. ज्या निबंधावरून आमची नोंद झाली, त्याच निबंधात लिहिलंय."

"मग नोंदीत का नाही?"

"मी कापलं. आठ महिन्यांपूर्वी. आमचा संगणक ते घेत नव्हता, म्हणून मला वाटलं भरणाऱ्याची चूक आहे. निबंध वाचला नाही."

पलीकडे गाडी उभी राहिल्याचा, दार आपटल्याचा आवाज आला.

"सात फोन, मॅडम," पाणीतपासनीस म्हणाली. "दोन महिने मी बाटल्या आम्लाने धुतेय. हाताची सालं निघाली. रोज धुताना मला वाटायचं, खरंच माझंच कुठं चुकत असेल. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, 'नीट घासत जा गं.'"

"हो."

"'हो' काय?"

"दुसरं काही म्हणण्याजोगं नाही माझ्याकडे. लिहून देते. चौकशीला पत्र आजच निघेल, प्रत तुम्हाला. आकडे पाठवाल?"

"पाठवते," पाणीतपासनीस म्हणाली. तिचा राग गेला नव्हता आणि तो जावा अशी अपेक्षा करण्याचे कारणही नव्हते. "अक्षर चांगलं नाही माझं. हाताला पट्टी आहे."

आकडे तीन वाजता आले: वहीच्या पानाचे छायाचित्र, उभ्या रेघा पट्टीने मारलेल्या, प्रत्येक आकड्यासमोर वेळ. तिने ते निबंधातल्या नवव्या पानाशेजारी ठेवले. दोन्हींचे आलेख एकमेकांवर बसले नाहीत; जलाशयातला थोडा वर होता, खालची गाळमाती कदाचित भर घालत असावी. तेही तिने पत्रात लिहिले. जे ठाऊक होते ते ठाऊक म्हणून, जे नव्हते ते नाही म्हणून. 'माझ्या प्रमाणनावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही' हे वाक्य तिने चार वेळा वाचले आणि पुढच्या वाक्यात कर्ता लपवून 'बाण काढला गेला' असे लिहिण्याचा हाताचा जुना मोह आवरला. 'दुसरा बाण मी काढून टाकला' असेच राहू दिले.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी तिने सतरा नोंदी निवडल्या, कारणांच्या यादीतले शेवटचे कारण निवडले आणि अर्ज दाखल केला. संगणकाने एकदा विचारले: नक्की? तिने होकार दिला. यादी क्षणभर पांढरी झाली, मग परत आली. तणनाशकासमोर आता लिहिले होते: 'माहिती उपलब्ध नाही.' वरच्या कोपऱ्यातले तिचे नाव करडे झाले होते.

संचालक बैठकीत होता. तिने अर्जाची आणि पत्राची एकेक प्रत त्याच्या टेबलावरच्या तबकात, सहीसाठी आलेल्या कागदांवर ठेवली आणि नियम बदलण्याच्या प्रस्तावाची जुळणी सोमवारपासून सुरू करत असल्याची चिठ्ठी वर लावली. मग सोमवारच्या आत पोचावे म्हणून पत्र दोन्हीकडे ईमेलनेही पाठवले आणि पाकिटे घेऊन ती तळमजल्यावर गेली. जावक विभागाची खिडकी पाचला बंद होई. आतला माणूस शिक्का पुसून ठेवण्याच्या बेतात होता.

"साधं की नोंदणीकृत?" त्याने पाकिटांकडे न पाहता विचारले.

"दोन्ही नोंदणीकृत," ती म्हणाली. "पोचपावतीसह."

त्याने शिक्का पुन्हा शाईत टेकवला.